सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम्

शनिवार, ९ ऑगस्ट
आणे गाव. भावाच्या बंद घरात मी, माझा अंकित आणि त्याची पोर रिद्धी. राखी बांधायला चालले, असं जुन्नरला शेजारी सांगून निघाले. भाऊ तर सुरतेला!

कॅनडात अंकितच्या संसाराची वाट लागली. तिथल्या कोर्टानं पोर सूनबाईला, नीलमला दिली. हा एकटाच आमच्या जुन्नरच्या दुकानात परत आला. सुट्टीत भेटायला म्हणून रिद्धीला आणली, आता परत धाडायचा दिवस उलटून गेला. पासपोर्ट ह्याच्या खिशात.

म्हणतो, "इथलं कोर्ट बघतं पोर कुठं रुळली. जितकी राहील तितका आपला ताबा पक्का."

ताबा! पोर म्हणजे काय बाजारातला गाळा आहे?

पण गप्प बसले. नात मलाही हवी आहे. खोटं कशाला लिहू.

मंगळवार, १२ ऑगस्ट
जुन्नरहून जानकू दूधवाल्याचा फोन. "उगमबाई, पोलीस आलं व्हतं तुमच्या दारात. कोर्टाचा हुकूम हाय म्हनं, पोरगी हजर करा. कुलूप बघून गेलं. मी म्हनलं, मला काय बी ठाव न्हाई."

"आणखी कोण होतं?"

"तुमची सून. लई वाळलीया."

फोन ठेवला. उठून दाराला आतून कडी लावली.

बुधवार, १३ ऑगस्ट
दारात मोटारसायकल थांबली. मी रिद्धीच्या तोंडावर हात दाबून कोठीच्या खोलीत नेली. बाहेर मेला खताची जाहिरात वाटणारा!

पोर अंधारात म्हणते, "दादी, आपण काय चोरलं?"

सहा वर्षांची. जीभ माझ्यावर गेली आहे.

रविवार, १७ ऑगस्ट
"मम्मीचा कॉल का येत नाही?"

"इथं रेंज नाही, बाळा."

आणि फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या, अंकित उचलू देत नाही! पर्युषण तोंडावर आलं आणि माझी ही लबाडी.

गुरुवार, २१ ऑगस्ट
पर्युषण कालपासून सुरू. एक वेळ जेवते. आमच्या जैन स्थानकात जायची सोय नाही, भिंतीकडं तोंड करून सामायिक, दोन घटका ध्यान.

रिद्धी आता आईचं नाव काढत नाही. विचारायची तेव्हा एवढी भीती वाटली नव्हती. झोपताना बूट काढत नाही. काढायला गेले तर पाय आखडून घेतले. म्हणाली, "कधीपण लागतील."

रविवार, २४ ऑगस्ट
रिद्धीनं फोटो कसा धाडायचा ते दाखवलं. हिरवं बटण, मग नाव, मग बाण. अंकित हसला. "अगं, दादीला चौथीची बेरीज येत नाही, तिला काय कळतंय फोनमधलं!"

दुकानाची बेरीज ह्याच्या बापाच्या मागं कोण करत होतं? असू दे.

मंगळवार, २६ ऑगस्ट
उद्या संवत्सरी. परसात पोरीला हात जोडायला शिकवले, फोटो काढला. मिच्छामि दुक्कडम्.

"म्हणजे सॉरी?"

"त्याहून मोठं. वर्षभरात ज्याचं मन दुखवलं त्याची क्षमा मागायची."

"आधी कुणाला?"

"ज्याच्याशी वैर आहे त्याला. नाहीतर बाकीचं फुकट."

 एवढं सांगितलं आणि मीच तोंड फिरवलं.

बुधवार, २७ ऑगस्ट
कडक उपास. गावात गणपतीचे ढोल. ढोलावर टिपरू पडलं की वाटतं दारच वाजलं.

अंकित म्हणाला, "आई, सगळ्यांना मेसेज टाक, नाहीतर लोक चौकशी करतील. नुसतं हात जोडल्याचं चित्र."

टाकला. झोप येत नाही. उपासानं असेल.

गुरुवार, २८ ऑगस्ट
सकाळी अंकितनं माझा फोन उघडला. हात जोडलेली रिद्धी, मागं परसापलीकडची शाळेची भिंत, भिंतीवर हातभर अक्षरात 'आणे'. सगळ्यांना गेलेला. नीलमलाही!

"आई! तिला वगळायचं ना!"

"मला काय कळतंय बाबा फोनमधलं."

तो बॅगा कोंबायला लागला. "ऊठ, गाडीत बस!" मी म्हटलं, पारणं झाल्याशिवाय उठणार नाही, चक्कर येऊन मेले तर तुझ्या माथी. मुगाचं पाणी चमच्या-चमच्यानं पीत बसले. गरम होतं. तो दारात येरझाऱ्या घालत होता.

पोलिसांची जीप आली, आत नीलम. रिद्धीला कुणी हाक मारायच्या आत ती पळाली. बूट पायातच होते.

नीलमनं पोर उचलली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोलिसांनी अंकितच्या खिशातून पासपोर्ट काढून घेतला. म्हणाले, पोर आईसंगं, बाकीचं कोर्टात बोला.

कोर्ट काय, एकदा विमानात बसली की मला कुठली दिसते!

शनिवार, ३० ऑगस्ट
जुन्नर. अंकित माझ्याशी बोलतो, अजून तरी. सगळा समाज म्हणतो, बिचाऱ्या उगमबाईचं बोट चुकलं.

चुकलं नव्हतं. पहिला नीलमलाच पाठवला.