दोन हाका

लोणावळा, मार्च १९४४

रखमादादास धाकट्या गेनूचा दंडवत.

परवा वैनी परंदवडीहून हितं बाजाराला आलती. म्हणाली, दात गेल्यापास्नं तू भाकर दुधात कुस्करून खातोस. कोणी माझ्याबद्दल इचारलं तर सांगतोस, "गोंगाट लय व्हता, गेन्याला माझी हाक ऐकू गेली न्हाई."

वरातीच्या बँडात तूच मला ढोल शिकवलास. गोव्याच्या आल्वारिस मास्तरांच्या पाया पडून हॉटेलच्या जाझ बँडात मला ड्रमवर बसवलंस, तेबी तूच. त्या दुपारी गोऱ्या सोल्जरानं तेच गाणं चौथ्यांदा मागितलं. कॉर्नेट फुंकून फुंकून तुझे ओठ सुजले व्हते. "जरा दम घेऊ द्या, सायेब," तू म्हणालास. त्यानं तुझंच कॉर्नेट हिसकलं आन तुझ्या तोंडावर हाणलं. तू पडलास, तरी तो बुटानं तुडवत राहिला.

मास्तर आमाला म्हणाले, "हात थांबवू नका, न्हाईतर सगळ्यांना मारतील."

"गेन्या, धर त्याला," तू दोनदा वरडलास. दादा, दोन्ही हाका मला ऐकू आल्या. तिसरी येऊ नये म्हणून मी ड्रम आणखी जोरात बडवला. नाचणारे नाचतच व्हते.

तुझ्याकडं यायला बेगडेवाडी टेसनाचं तिकीट दोनदा काढलं आन दोनदा फलाटावरनं माघारी आलो. हे पत्रबी माझ्यानं टाकवंल असं वाटत न्हाई. परवा तुझं ते बोलणं सांगून वैनी माझ्या तोंडाकडं बघत व्हती.

"व्हय वैनी," मी म्हणालो, "गोंगाट लय व्हता."

तुझा,
गेनू