कण राहता कामा नये

१८ नोव्हेंबर, सोमवार

सुलक्षणाचं वजन त्रेचाळीस. रेडिएशनचा आज पहिला दिवस, तीस घ्यायचेत. डॉक्टरांनी बजावलं – चाळीसच्या खाली गेली तर थांबवावं लागेल, अंगाला सोसणार नाही. राहू गावाहून पुण्याला रोज जीपनं जायचं-यायचं. त्याचं काही नाही. पण ती खाणार काय? ऑपरेशनमध्ये डावा गाल गेला, तोंड दोन बोटं उघडतं. बोललेलं मला एकट्याला कळतं.

आहाराच्या मॅडम म्हणाल्या, स्मूदी द्या. केळं, दूध, भिजवलेले बदाम, खजूर. लोण्यासारखं वाटायचं, एक कण राहता कामा नये.

स्मूदी! अठ्ठावन्न वर्षांत हा शब्द आज भेटला.

१९ नोव्हेंबर

घरच्या मिक्सरवर केली. बदामाचा कण राहिला. असा ठसका लागला की तिचे डोळे पांढरे झाले. मी नुसती पाठ चोळत बसलो. मिक्सर उचलून अंगणात फेकावासा वाटला. बिचाऱ्यानं बावीस वर्षं चटण्याच केल्यात, त्याची तरी काय चूक.

२१ नोव्हेंबर

दौंडमध्ये मिक्सरची दोन दुकानं पालथी घातली. चार्जिंगवरचा एक दाखवला – तो नुसता ढवळतो. हातात धरायचा दांडा – ताकाला ठीक. मग हजार वॅटचं एक धूड काढलं. ते मला लगेच आवडलं. गुऱ्हाळवाल्याला दुसरं काय आवडणार, मोटर मोठी तेवढी चांगली! पण घेतलं नाही. पहिल्यांदा इमामभाईंना विचारायचं ठरवलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

शिरूरला गेलो. गुऱ्हाळाच्या जळालेल्या मोटरी वीस वर्षं इमामभाईच भरून देतात. माझं हजार वॅटचं पुराण त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले.

"आप्पा, ऊस गाळायचाय का केळं? तुमच्याकडं शेतातल्या मोटरी चालू झाल्या की व्होल्टेज पडतंय. मोठी मशीन नुसती घरघर करंल. उभं, निमुळतं भांडं बघा, आन् पातं बुडाशी पाहिजे. म्हंजी कण वर पळत न्हाई."

स्वतः शेजारच्या दुकानात आले. सहाशे वॅटचा एक काढायला लावला, मी डब्यातून नेलेले भिजवलेले बदाम त्यात फिरवले, दोन बोटांत चोळून बघितले. मलाही चोळायला लावले. खरंच लोणी! तोच घेतला.

चहा पिताना त्यांनी विचारलं, वहिनींना कशानं झालं? मिश्रीनं, म्हणालो. तंबाखू बाजारातून मीच आणायचो. एकतीस वर्षं. तव्यावर ती भाजायला लागली की तो वास मला आवडायचा.

२४ नोव्हेंबर

गुऱ्हाळावर नवं यंत्र आलं की नारळ फुटतो. इथंही फोडला. सुलक्षणा अर्ध्या तोंडानं हसली.

खजूर आणला नाही. गुऱ्हाळवाल्याच्या घरात खजूर कशाला? आपला गूळ घातला, कालच्या काहिलीतला, मऊ, पिवळाधमक. आपल्या गुळाला तालुक्यात नाव आहे. चार घोट घेतले तिनं. ठसका नाही! डोळ्यात पाणी आलं तिच्या, माझ्याही आलं. मशीन चांगली आहे ना, विचारलं. तिनं मान डोलावली.

२ डिसेंबर, सोमवार

वजन बेचाळीस. महिन्यात एखादा किलो जायचाच, असं मॅडम म्हणाल्या. छान चाललंय म्हणाल्या! परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला मी पात्यांची सगळी रचना समजावून सांगितली. तो काय ऐकतोय.

सकाळी पेला भरून देतो आणि गुऱ्हाळावर चक्कर मारून येतो. आलो की पेला रिकामा असतो.

५ डिसेंबर

तोंडात फोड आलेत. रेडिएशननं येतात म्हणे. ताकद यावी म्हणून गूळ वाढवला.

९ डिसेंबर, सोमवार

बेचाळीसच! डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. त्यांना म्हणालो, मशीन बघून घेतलीय.

पण तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. थंडी म्हणून शाल अंगावरून काढतच नाही. काटा काय खोटं बोलणार आहे का, असं मनाला सांगतो.

१६ डिसेंबर, सोमवार

नवीन सिस्टर होती. साडी नको, दवाखान्याचा झगा घालून काट्यावर या म्हणाली. सुलक्षणानं माझ्याकडं बघितलं. तसं बघताना तिला कधी पाहिलं नव्हतं मी.

पोटाला फडकं बांधलेलं होतं. सिस्टरनं सोडलं. किलोकिलोच्या तीन गुळाच्या ढेपा. आमच्याच.

वजन अडतीस.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावायला हवे होते. म्हणाले, दहा दिवस राहिले होते हो, पण आता नाही देता येणार. घरी न्या, जाईल तेवढं खाऊ घाला.

जीपमध्ये बसलो. मग म्हणाली, "तुमी लई हौसेनं करत व्हता वो. मला जात नव्हतं. दारातल्या गाईला घालायची मी."

१७ डिसेंबर

तिच्यावर ओरडलो. मला फसवलंस, स्वतःचा जीव घालवलास, असं काहीबाही बोललो. मरायला टेकलेल्या बायकोवर ओरडणारा माणूस मी! जात नव्हतं तर सांगायचं नाही का, किती वेळा विचारलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

मशीन लावली नाही. दिवसभर जेवलो नाही. ती नसली तर या घरात मी काय करू, हे कुणाला विचारायचं?

१८ डिसेंबर

सकाळी मशीन लावली. डोकं ठिकाणावर नव्हतं, गूळ घालायचाच राहिला. पेला तिच्या हातात दिला तेव्हा लक्षात आलं. उठून आणणार, तर ती पीत होती. थांबत थांबत सगळा पेला प्याली आणि पुन्हा माझ्यापुढं धरला. आज कशी गेली गं, मी विचारलं.

"आज झोंबली न्हाई."