मिठाचं पाणी कुठं जातं

१२ नोव्हेंबर, बुध.
आज सौ.ने भाकरी थापली. स्वतःच्या हाताने. पावणेदोन वर्षांनी! थापण्याचा आवाज ऐकून मी पेपर टाकून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.
"काय बघून राह्यले? भाकर पह्यल्यांदा पाह्यली का?"
हाताला एक भेग नाही. पावणेदोन वर्षं बिचारीने माझ्या हातच्या भाकरीचे नकाशे खाल्ले, तक्रार न करता. (तक्रार केली, पण खाल्ले.)
जालन्याचे त्वचेचे डॉक्टर म्हणाले होते, बोअरच्या जड पाण्यात हात घालू नका. तीर्थपुरीत राहून दुसरं पाणी आणायचं कुठून? शेवटी दसऱ्याला पाणी मऊ करायचं मशीन बसवलं, त्याला हार घातला. बादलीचा पांढरा थर गेला, हात बरे झाले. मलम आधीपासून चालू होतंच, डॉक्टर श्रेय मलमाला देतील. मी मशीनला देतो.
पुढच्या रविवारी, तेवीसला, लेक रेखा बाळंतपणाला येतेय. पहिलं. सौ.चा हट्ट: न्हाऊ घालायला बाई लावायची नाही, तेल-पाणी मीच करणार. उन्हाळ्यात भेगांतून रक्त यायचं तेव्हा हे बोलायचीही सोय नव्हती. जुन्या लुगड्याची दुपटी शिवून झाली की त्यावरून तळवा फिरवून बघते. आधी धागे अडकायचे. आता अडकत नाहीत.

१५ नोव्हें., शनि.
संडासातलं पाणी लवकर उतरत नाही. गुडगुड. मागे चेंबरपाशी वास. बघू.

१६ नोव्हें., रवि.
मशीन धुतलं. म्हणजे ड्रममध्ये मीठ ओतायचं, चावी फिरवायची. मशीन ते खारं पाणी घेऊन स्वतःला धुतं आणि नळीने बाहेर टाकतं. ती नळी मी स्वतः भिंतीतून नेऊन संडासाच्या सेप्टिक टाकीत सोडली आहे. गफूर प्लंबर म्हणत होता, वेगळा खड्डा करू. मी त्याला गप्प केलं. पाइप मलाही कळतात.
ओतताना मूठभर मीठ सांडलं. सौ. धावत आली.
"सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यानं उचलावं लागतं. अन् तुमी पोतंच्या पोतं संडासात सोडायला निघाले! कुटं फेडताल?"
"शास्त्र आहे ते."
"मंग उचला शास्त्रानं."
खाली बसून दाणा दाणा तिनेच वेचला.
नंतर संडास ॲसिडने घासला. तेही दर रविवारचं काम, घर बांधलं तेव्हापासूनचं.

१८ नोव्हें., मंगळ.
शेजारचे भगवानराव वासाने आले. म्हणजे वास आला म्हणून आले. कंपाउंडवर कोपर टेकून:
"गुरुजी, सेफ्टी टँकमदी किडे असत्यात. तेच घाण खात्यात. तुमी वरून मीठ सोडून राह्यले. मला सांगा, मुरलेल्या लोणच्यात कधी किडा पाह्यला का?"
तेहतीस वर्षं मास्तरकी केली, हा धडा मात्र कंपाउंडवर शिकलो. म्हणजे माझ्याच नळीने टाकीची बरणी केली. मशीन चालू ठेवावं तर अवघडलेली पोर घरात आणि संडास तुंबलेला. बंद करावं तर सौ.चे हात... इकडे आड, तिकडे विहीर.

१९ नोव्हें., बुध.
मशीनची चावी बंद केली. बोअरचं पाणी थेट नळाला. नळी हलवायला गफूरला बोलवावं, तर त्यालाच मी गप्प केलेलं. सौ.ला म्हणालो, मशीन बिघडलं, कंपनीचा माणूस येईल. खरं सांगितलं तर नळी चुकली हेही कबूल करावं लागेल. आणि मग "मी म्हणलं न्हवतं का" हे वाक्य मरेपर्यंत ऐकावं लागेल.

२३ नोव्हें., रवि.
रेखा आली. जावई बदनापूरहून गाडीने सोडून गेले. तब्येत चांगली आहे, पाय तेवढे सुजलेत. डॉक्टरांनी डिसेंबरअखेरची तारीख दिली आहे.
भांडी मी घासली. सौ. हळूच म्हणाली, "जावयासमोर तरी राहू द्या." ऐकलं नाही. पण बाईमाणूस पाण्यात हात घातल्याशिवाय किती वेळ राहणार? कपडे, भाजी, देवाची भांडी. थंडीही पडली आहे.

२८ नोव्हें., शुक्र.
तिच्या अंगठ्याजवळ भेग. काल नव्हती. पिवळ्या दुपट्यावर लाल ठिपका दिसला, तिने ती बाजू आत दुमडून टाकली.
रेखा: "बाबा, त्या मशीनवाल्याला फोन करा ना. आईचे हात बघा."
केलाय म्हणालो. दोनदा.
जेवताना सौ. सहज म्हणाली, "न्हाऊ घालायला बाई बघून ठेवू. मला काय, मी बसून पाहीन."
स्वतःच्या घरात चोर झालोय.

२ डिसेंबर, मंगळ.
सकाळी पाणी वर आलं. रेखाला शेजारी पाठवावं लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. गफूरला बोलावलं, अंबडहून टाकी उपसायची गाडी मागवली. शहाबादी फरशी काढून झाकण उघडलं.
नाकाला रुमाल बांधून गफूर वाकला. "सर, कित्ते साल में उपसली?"
"कधीच नाही. घराला अकरा वर्षं झाली. आपोआप जिरतं ना?"
"अकरा साल!" त्याने गाडीवाल्याकडे बघितलं, दोघांनी मान हलवली. टाकी गाळाने गच्च, शोषखड्ड्याकडे जाणारा पाइप पण गच्च. "और ये ॲसिड कौन डालता? वास येरा."
सौ.ने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.
मी म्हणालो, ॲसिड सोड, गफूर, खरा दोष मिठाच्या पाण्याचा. भगवानराव कंपाउंडवरून: "मी सांगितलंच व्हतं."
गफूर सरळ उभा राहिला. "मीठ का पानी? वो इधर आताच नै, सर."
मी बघतोय. भगवानराव बघतायत. सौ.ने पदर तोंडाला लावला.
झालेलं असं: दसऱ्यानंतर मी रेखाकडे बदनापूरला गेलो होतो, त्या दिवशी सौ.ने गफूरला बोलावून भिंतीमागे नळी फिरवून घेतली. मागच्या नारळाच्या आळ्यात. तिथे कपडे धुतल्याचं पाणी जातंच, जमीन कायम ओली. मला कशाला कळतंय?
"संडासात मीठ सोडायचं म्हंजी सात जन्म पापण्या झिजल्या असत्या. अन् नारळाला तर लोक मीठ घालत्यातच."
"मला सांगायचं नाही?"
"तुमी ऐकलं असतं का?"
गफूर चिखल बघत होता.
मग तिची ट्यूब पेटली. "थांबा. मंग मशीन बिघडलं म्हणलं ते?"
सगळ्यांसमोर सांगावं लागलं. चौदा दिवस चांगलं मशीन बंद ठेवलं, मिठाचा एक थेंब टाकीत गेला नसताना. ती नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भगवानराव म्हणाले, "लोणच्याचं मी आपलं असंच बोललो व्हतो." आणि आधी रेखा हसली, पोट धरून, मग सौ., मग मी. गाडीवाला येडी माणसं म्हणून बघत होता.
दुपारपर्यंत टाकी रिकामी, पाइप मोकळा. एक बादली ओतली. सर्रकन गेली. किती दिवसांनी छाती मोकळी झाली! तीन बादल्या उगाच ओतल्या.

४ डिसें., गुरु.
मशीन चालू. ॲसिडची बाटली रेखाने गफूरला देऊन टाकली. मऊ पाण्याने डाग पडतच नव्हते, तरी मी दर रविवारी घासत होतो. सवय!
गफूर म्हणाला, इतक्या पाण्याला दर आठवड्याला मशीन धुवायची गरज नाही, पंधरा दिवसांनी धुवा, मीठ निम्मं लागेल.
सौ.ला म्हणालो, आजवर सोडलेल्या मिठातलं अर्धं माझ्या पापण्यांवर.
"सगळंच तुमच्यावर. मी कुटं सांडलं?"
बरोबर आहे.

१४ डिसें., रवि.
भेग मिटत आलीय. मलम, पाणी, का माझं भांडी घासणं, कोण जाणे. आता जावयासमोरही घासतो.
नारळाच्या खालच्या दोन झावळ्यांची टोकं तपकिरी झालीत. भगवानराव म्हणतात खार लागला. सौ. म्हणते थंडीनं. गफूर म्हणतो नळीला लांब वेगळा खड्डा करू. हेच तो दसऱ्याला म्हणाला होता. या वेळी हो म्हणालो. पण शेंड्याला नवा कोंब दिसतोय. नऊ वर्षांत फळ नाही दिलं या झाडाने. बघू.

२१ डिसें., रवि.
सकाळी रेखाला कळा सुरू झाल्या. तारखेच्या आधीच. गाडी येईपर्यंत सौ. पिशवी भरत होती. हात धुतले, पुसले, खोबरेल लावलं, परत पुसले. मग पिवळं दुपटं पलंगावर पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश तळवा फिरवला. माझ्याकडे बघितलं. कुठंच अडकला नाही.
घडी करून पिशवीत ठेवलं. "चला. तुमी घरीच थांबा, पानी तापवायचं सामान काढून ठेवा."
दोघी गेल्या. जावई परस्पर दवाखान्यात येतायत.
न्हाणीचं मोठं पातेलं घासलं. पाट धुतला. नळ सोडून बोटांवर पाणी घेऊन बघितलं, मऊ आहे. परत बघितलं.
चार वाजले. फोन अजून नाही.