दिवेलागणीनंतर आभार मानू देण्याबाबत

प्रति,
मेहेरबान मामलेदारसाहेब,
तालुका कचेरी, अलिबाग, जिल्हा कुलाबा.

अर्जदार : येसूबाई हिरामण घरत, मौजे शेवरखार, धंदा मिठागरावर मजुरी.

विषय : अर्जदार बाई आभारी असल्याचा सरकारी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : भाऊबीजेच्या दिवशी शेवरखार धक्क्यावर झालेला, दलाल मेरिडिथ साबण कंपनी, मुंबई, यांचा दिवाळी-भेट समारंभ.

साहेबांच्या पायाशी विनंती अशी की,

"येसू, नेम धरलास तर दिवा लागंपर्यंत जीभ दातांआड ठेव. देव ऐकतो, पण पारखून ऐकतो," असे अर्जदार बाईच्या सासूबाई कै. सोनाबाई सांगून गेल्या. त्याप्रमाणे अर्जदार बाई कार्तिकस्नानाचा महिना सूर्य उगवल्यापासून तुळशीपाशी दिवा लागेपर्यंत मौन पाळते. यंदाचा नेम सून कोकिळा हिच्यासाठी आहे. कोकिळेची दोन बाळंतपणे वाया गेली. दुसऱ्या खेपेस ती गोड्या पाण्याचा हंडा घेऊन खाडीच्या बांधावर घसरली होती. आता तिला सातवा सरत आला आहे आणि पाणी अजून त्याच बांधावरून येते.

१. कंपनीने दिवाळीची भेट म्हणून डोंगराखालच्या विहिरीवर इंजिन व गावापर्यंत नळ देण्याचे ठरवले. हे कळले तेव्हा अर्जदार बाईने देवापुढे साखर ठेवली. आभार कोणी मानावेत असा प्रश्न निघाला, तेव्हा पोलीस पाटील बाळाजी म्हणाले, "येसूवहिनी पोथी वाचते, तिचा शब्द मऊ." समारंभ दिवेलागणीनंतर गॅसबत्त्यांच्या उजेडात व्हायचा होता, म्हणून तिने मान डोलावली. नेम गाजवू नये म्हणून कोकिळेखेरीज कोणाला सांगितला नाही. एरवीही ती फारशी बोलत नसल्यामुळे गावाला फरक कळला नाही.

२. परंतु लाँचच्या तांडेलाने ऐनवेळी सांगितले की ओहोटी लागली, उशीर केल्यास लाँच चिखलात बसेल. सबब समारंभ भर उन्हात उरकण्यात आला. कर्णा अर्जदार बाईच्या तोंडापुढे धरला. तिने हात जोडले. कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या पायांपुढे डोके टेकले. साहेब म्हणाले, "बाई, इंजिन नको आहे का?" तिच्या डोळ्यांतून पाणी आले, ते साहेबांना रागाचे वाटले. खुलासा करणारी कोकिळा एकटीच, ती पोटामुळे घरी होती. इंजिन लाँचवरून उतरलेच नाही.

३. दिवा लागताच अर्जदार बाई घरोघरी जाऊन खरे काय ते सांगून आली. शेजारची आवडाबाई म्हणाली, "तवा तोंडान काय मीठ भरला व्हता गो? आता बरा सुचला मौन!" पुढे कंपनीच्या कारकुनाने कळवले की गावाला लाल बावट्याची फूस दिसते, पौर्णिमेआधी खुलासा न झाल्यास इंजिन दुसऱ्या गावास जाईल.

४. जमादार चौकशीस आले तेही दुपारी. "गप्प बसायला कुणी शिकवलं?" असे त्यांनी दरडावून विचारले. अर्जदार बाईने अंगणातल्या धुळीत बोटाने तुळशीवृंदावन काढून दाखवले. "ही कुठल्या पक्षाची निशाणी?" म्हणून त्यांनी ते कागदावर उतरवून नेले. तेव्हापासून दारात पाऊल वाजले की अर्जदार बाईचा जप चुकतो.

बोलावे तर नेम मोडतो, न बोलावे तर पाणी जाते, आणि दोन्हीकडून कोकिळेचे पोर जाते. साहेब, देवाला भ्यावे की कंपनीला, हे पोथीत कुठे लिहिलेले नाही. हा अर्ज दिवा लागल्यावर लिहीत आहे, तरी लिहिणे हे बोलणेच धरतात की काय, याचीही भीती वाटते.

तरी मेहेरबानी करून अर्जदार बाई भाऊबीजेपासून आजतागायत मनापासून आभारी आहे असा शिक्क्याचा दाखला द्यावा. त्यात ओहोटीचेही नाव घालावे, सारा दोष एकट्या बाईमाणसावर नसावा. आणि दाखल्याला वेळ लागणार असेल तर निदान कंपनीस इतकेच कळवावे : "तुज्या तोंडान साहेबापुढं बोलून ये, तवाच खरा," असे आवडाबाई म्हणाली आणि अर्जदार बाईने तिला शब्द दिला आहे. कंपनी पाचाला बंद होते म्हणतात. दिवे त्यानंतर लागतात. तेवढा वेळ फाटक उघडे ठेवावे. फाटकाशी एक म्हातारी गप्प बसलेली दिसल्यास तिला हाकलू नये. ती भांडायला आलेली नाही.

पदर पसरून वाट पाहणारी,
येसूबाई हिरामण घरत
शेवरखार, ता. १८ नोव्हेंबर १९५८

ता. क. : फटफटत आले, आता लिहिणे थांबवावे लागेल. कोकिळेला उठवले नाही, चुलीवर पेज झाकून ठेवली आहे. हा कागद पाटलांच्या ओटीवर ठेवून अर्जदार बाई बांधावरून रेवसला, मुंबईची लाँच धरायला निघाली आहे.