पुसलेला हुंकार

४ डिसेंबर
आले बाई एकदाची! मलकापूरला रेल्वेतून उतरून बसने जळगाव जामोद. काम झकास आहे. वऱ्हाडी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या रेकॉर्ड केलेल्या मुलाखतींमधून पंखा, कुत्रं, भांडी यांचे आवाज काढायचे, नुसता माणसाचा आवाज ठेवायचा. मुलाखती घेणाऱ्या वंदनाताईंनी पहिल्याच जेवणाला भरीत आणि कळण्याची भाकर वाढली. नाकाडोळ्यांतून पाणी! इथे 'हो'ला 'हाव' म्हणतात. आमच्या पुण्यात हाव सुटते ती श्रीखंडाची.

५ डिसेंबर
पुंजाजींची मुलाखत हाती घेतली. म्हाताऱ्याचा आवाज कसला खणखणीत! पण दर वाक्यामागे एका बाईचा बारीक 'हाव'. वंदनाताईंवर चिडलेच मी, मध्ये मध्ये कशाला बोलायचं? त्या म्हणाल्या, मी तं तोंडाले पदर लावून बसली होती. बरं, बरं. एकेक 'हाव' खुडून काढला आणि घाईत मूळ फाईलवरच सेव्ह केलं. दुसरी प्रत नाही. असू दे, आवाज लख्ख झालाय.

८ डिसेंबर
ताई सकाळीच दारात. साफ केलेली मुलाखत पुंजाजींना ऐकवली, तेव्हापासून ते बोलेनात, घास घेईनात. माही रुखमा कुठी गेली, एवढंच विचारतात. रुखमाबाई त्यांची बायको, वारून वर्षं झाली. ताई म्हणाल्या, गोष्ट सांगणाऱ्याले हुंकार लागतेच. तिचा होता थो. तुनं पुसला, आता तूच दे. मी हसले. मग प्रत नाही हे आठवलं. म्हातारा माझ्यामुळे मेला तर?

९ डिसेंबर
पुंजाजींच्या घरी गेले, समोर बसून 'हाव' म्हटलं. पुंजाजी खुदकन हसले, भाकर मागितली, बोलत सुटले. जीव भांड्यात पडला. निघताना त्यांनी मला रुखमा म्हणून हाक मारली. म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं!

१० डिसेंबर
आईचा फोन. बरं नाही का तुला, म्हणाली. 'बरी आहे' म्हणायला तोंड उघडलं. आलं ते 'हाव'. घाबरून ती काय काय विचारत गेली, मी आपली हाव, हाव. दुसरा शब्दच येत नाही. फार रडले.

११ डिसेंबर
ताईंना लिहून विचारलं, कधी सुटेन? त्या खाली बघत म्हणाल्या, हुंकार धरला त्यानं गोष्ट सरेपर्यंत सोडू नाही. बुढ्याची गोष्ट बुढ्यासंगच सरन. म्हणजे तो मेला की मी मोकळी. आणि मी तेच मागतेय देवाकडे. शी!

१२ डिसेंबर
पुंजाजी गेले. ताईंचा निरोप आला. सुटले! मोठ्यांदा 'सुटले' म्हणून पाहिलं —
'हाव'.

भरदुपार. हेडफोन टेबलावर आहेत, बंद. तरी कानात तोच खणखणीत आवाज. रुखमा, येतं ना माह्यासंग?

नाही. तोंडात ओढणी कोंबलीय. आवाज फुटू देणार नाही —

दाराशी आलाय. पुन्हा विचारतोय. येतं ना?

लिहूनच सांगते त्याला. नाही. ना — हात ऐकत नाही — आई गं — ना — हा