अण्णाच्या कुऱ्हाडीचं टोक

६ जाने.
अण्णाला अंबाजोगाईच्या दवाखान्यातून घरी आणलं. उजवी बाजू गेलीय, वाचाही. डॉक्टर म्हणाले, आता औषधापेक्षा व्यायाम. बोटं हलवायची खटपट त्यानंच करायला हवी. हा भिंतीकडे तोंड करून पडलाय. वहिनी घास भरवायला गेली तर दात आवळून घेतो. थोरला भाऊ, पण हात धरून बसवावं लागतं. आमची गिरणी बंदच. दळण घेऊन आलेले परत गेले.

८ जाने.
डबे काढले. आम्ही दोघांनी गोदाकाठच्या खडीतून जन्मभर वेचलेली आदिमानवाची दगडी हत्यारं, बहुतेक मोडकी. तुकडे धुवायचे, जुळवायचे, राळेनं सांधायचे, हाच आमचा नाद. गाव म्हणायचं, दोघं भाऊ धोंडे शिवत बसतेत. आज त्यानं पात्यांकडे पाहिलंही नाही. मग काळी हातकुऱ्हाड त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली. म्हणजे नुसतं बूड. टोक कधी सापडलंच नाही. त्यानं मूठ मिटली, ती सोडवेना. दुखण्यानंतर पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.
मी बोलून बसलो, "अण्णा, टोक आणून देतो. तू तेवढी बोटं हालव."

११ जाने.
रोज काठावर. बूड जिथं मिळालं तोच उतार पोकलेननं खरवडून चकलांब्याकडच्या रस्त्यावर नेऊन टाकलाय. ड्रायव्हरला खूण सांगितली, काळा, टोकदार. तो म्हणाला, "काका, इथं समदा दगडच हाय की." खरंच आहे त्याचं.

संक्रांत
वहिनीनं तिळगूळ दिला, अण्णानं थुंकून टाकला. तलवाड्याहून व्यायामाच्या मॅडम आल्या होत्या. असाच पडून राहिला तर हात आखडून जाईल म्हणाल्या. मी दुपारभर रस्त्याच्या ढिगात. बोटं सोलली. काहीच...

१७ जाने.
टोक मिळालं! रंग तोच, जाडी तीच. घरी येऊन, अण्णा झोपल्यावर, हळूच बुडाला लावून पाहिलं. थोडक्यासाठी बसत नाही. अण्णाचा नियम: जोडावरून अंगठ्याचं नख फिरवायचं, अडलं की दगड वेगळा, दोन्ही तुकडे आपापल्या डब्यात. नख अडलं. मागं एकदा मी म्हणालो होतो, जरा घासलं की बसंल. तेव्हा तो म्हणाला होता, "मग ते तुझं हत्यार झालं. त्या मानसाचं न्हाई." आता काय करू? रडू येतंय नुसतं.

१८ जाने.
वहिनी दारात उभी राहिली. म्हणाली, "भावजी, कालपासून पानी बी घेतलं न्हाई त्यांनी. काय बी करा."
केलं. गिरणीच्या एमरीच्या दगडावर टोक घासलं. बुडाला धक्का लावला नाही, एवढी तरी अक्कल राहिली. घासलेली जागा पांढरी पडली, म्हणून चहाच्या पाण्यात उकळली. राळेत माती कालवून सांध्यात भरली. बेमालूम झालंय. मला स्वतःला ओळखू येईना, याचीच जास्त भीती वाटली.

१९ जाने.
सकाळी दिली. अण्णानं डाव्या हातात घेतली, पोटाशी धरली. बराच वेळ नुसता बघत राहिला. चेहरा उजळला. मी भिंतीला टेकून. मग उजवा हात. हललाच. आधी मनगट, मग अंगठा, थरथरत जोडावर आला. नख फिरलं. मधेच थांबलं. परत फिरवलं, परत तिथंच. वहिनी त्याचे पाय धरून रडत होती, "हालला, भावजी, हात हालला." अण्णा माझ्याकडे बघत होता. मग कुऱ्हाड अंथरुणावर टाकली आणि तोंड भिंतीकडे.
वहिनीनं आळीभर साखर वाटली. मला पहिली चिमूट.

२१ जाने.
मॅडम खूश. म्हणाल्या, काय जादू केलीत? अण्णा पाणी घेतोय, पेज घेतोय. वहिनीच्या हातनं. मी वाटी धरली की ओठ मिटतात. उजवा अंगठा मात्र बाजेच्या कडेवरून सारखा फिरत असतो.

२२ जाने.
गरम पाण्यात ठेवून सांधा सोडवला. टोक काठावर नेऊन टाकलं. बूड घासून धुतलं, राळेचा कणही ठेवला नाही. आणून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि म्हणालो, "मी केलं ते. खरं टोक न्हाई सापडलं, अण्णा."
भिंतीकडेच बघतोय. बूड तळहातावर आहे. मूठ अजून मिटली नाही.