उजवा स्पीकर

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५, दुपारी २.१०

चौकटीच्या वहीत तीन रिसिव्हरांचा तक्ता पुन्हा आखत होतो. तिसऱ्यांदा! वॉट, एचडीएमआयच्या जागा, आवाज, वॉरंटी, किंमत. मित्र अनुप द हेगला राहायला गेला, जाताना त्याचे पाचही स्पीकर आम्हाला देऊन गेला. "फुकट मिळाले म्हणून भंगार समजू नकोस रे." आता फक्त त्यांना टीव्हीशी जोडणारा रिसिव्हर हवा. प्रांजली म्हणते, डोळे मिटून एक उचल. बायकोला काय, ती आयटीतली. मी दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा सोडलेला. चुकलो तर लोक म्हणणार – तरीच!

रविवार, १२ ऑक्टोबर

दुकानात गेलो. तिथल्या माणसाने तिन्ही रिसिव्हर आळीपाळीने लावले. तिन्हींवर तेच हेलिकॉप्टर, डावीकडून उजवीकडे जाणारं. प्रांजली म्हणाली, "दुसऱ्यात बघ, अगदी खांद्यावरून गेलं!" मला तिन्हींत ते डावीकडेच घुटमळताना ऐकू आलं. मी मान डोलावली. "हो ना, दुसराच."

का खोटं बोललो? तक्त्यातला 'आवाज' हा रकाना कोराच आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

कामावर नोटीस लागली. ६ नोव्हेंबरला कानांची तपासणी. विमानाजवळ सामान चढवणाऱ्या सगळ्यांची. गेल्या वर्षी शिरीष तिच्यात नापास झाला. आता त्याला गरज पडेल त्या दिवशीच बोलावतात.

नोटीस दोनदा वाचली. का, ते लिहीत नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

रिसिव्हर आला. वायरी सोलल्या, लाल-काळं दोनदा तपासलं, चालू केला. उजवा स्पीकर मंद! वायर बदलली. मंद. डावा आणि उजवा स्पीकर अदलाबदल केले. तरी उजवीकडचाच मंद.

म्हणजे दोष रिसिव्हरमध्ये! इतकं हायसं वाटलं की एकटाच हसलो. चौदा दिवसांत परत करता येतो. "खराब माल पाठवला बघ," मी म्हणालो. प्रांजली सोफ्यावर तिच्या नेहमीच्या टोकाला बसली होती. रिमोट उचलून आवाज थोडा वाढवला. एरवी टोमणा मारल्याशिवाय राहते का ती?

रविवार, १९ ऑक्टोबर

परत पाठवण्याआधी रिसिव्हरची स्वतःची चाचणी करा, असं माहितीपुस्तकात आहे. सोबत एक छोटा माईक येतो. तो मी बसतो तिथे, कानाच्या उंचीवर ठेवला. एकेक स्पीकर चिरकला. पडद्यावर निकाल – डावा ठीक. उजवा ठीक. पाचही सारखे.

चाचणी पुन्हा केली. तेच.

मग टीव्हीकडे पाठ करून बसलो. स्पीकर जागचे हलवले नव्हते. आता डावा मंद.

म्हणजे दोष माझ्या उजव्या कानात. तीन वर्षं! कानांवर संरक्षक लावले की फोरमनची डच मला अजिबात उमगत नाही. डावा हात सामानाच्या सरकत्या पट्ट्याच्या बटणावर. म्हणून दर वेळी उजव्या हाताने संरक्षकाचा उजवा कप कानावरून उचलायचा आणि विचारायचं, "वॅट?" – म्हणजे 'काय?' इंजिन बाजूलाच घरघरत असायचं. याला भाषा येत नाही, असं कोणी म्हणू नये एवढ्यासाठी. दिवसातून वीस वेळा तरी.

प्रांजलीला कसं सांगू? माझ्या नावावर इथे एवढी एकच गोष्ट आहे – ही नोकरी.

सोमवार, २० ऑक्टोबर

डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली, ८.४०. रिसिव्हर परत न पाठवता ठेवून घेतला. ४७९ युरो.

तिला सांगायला अर्धा तास लागला. ऐकून म्हणाली, "मला माहीत आहे रे. मागच्या दिवाळीपासून."

वर्षभर ती रस्त्याने माझ्या डाव्या बाजूनेच चालते. सोफ्यावरही डावीकडेच बसते. मला वाटायचं, तिला खिडकी आवडते.